वेसाव्याचा सीफूड फेस्टिवल : मासे मस्तच, पण खरे मार्क गावातल्या पोरांना

आधीच सांगतो, एसी, टेबल बुकिंग, पाणी आणून देणारा वेटर असलं काही हवं असेल तर अंधेरीत हॉटेलं ढिगाने आहेत, तिकडेच जा. वेसावा, म्हणजे आपलं वर्सोवा गाव, तिथला कोळी सीफूड फेस्टिवल म्हणजे गावाने घातलेला मांडव आहे, जागा मिळेल तिथे टेकायचं, नाहीतर उभ्याने खायचं, हात कोपरापर्यंत मसाल्याने लाल होतात आणि टिश्यू मागितलात तर मावशी हसतात. २००६ पासून चालू आहे हे, साधारण जानेवारीत असतं, तारीख आधी बघून घ्या. जानेवारी धरलाय तेही डोकं लावूनच. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, मग नारळी पौर्णिमा, मग बोटी जोरात, आणि जानेवारीत हवाही अशी की चुलीशेजारी उभं राहिलं तरी जीव जात नाही.

जायचं कसं ते नीट वाचा कारण इथे बरेच जण फसतात. मेट्रोचं वर्सोवा स्टेशन आणि वर्सोवा गाव यात बरंच अंतर आहे, स्टेशनातून खाली उतरलात म्हणजे समुद्र दिसेल असं अजिबात नाही, तिथून रिक्षाच करायची. रिक्षावाले गर्दीच्या दिवशी सात बंगल्याच्या पुढे यायला कुरकुरतात, आमचा तर मध्येच उतरवून गेला. गाडी तर आणूच नका, कोळीवाड्याच्या गल्ल्यांत दोन स्कूटर समोरासमोर आल्या तरी एकीला मागे जावं लागतं. मढकडून येणाऱ्यांची मजा आहे, खाडी ओलांडायला बोट मिळते आणि बाईकसुद्धा बोटीत चढते.

आता मुद्द्याचं. मुंबईत मासे चांगले मिळणाऱ्या जागा खूप आहेत, पण एवढी गर्दी गावातलीच पोरं सांभाळतात हे मी दुसरीकडे फारसं पाहिलं नाही. नाक्यावर एकसारखे टीशर्ट घातलेली पोरं, गळ्यात शिट्टी, म्हाताऱ्या माणसाला बघून स्वतः खुर्ची उचलून आणतात, हरवलेल्या मुलाची अनाउन्समेंट मराठीत, हिंदीत आणि घाई असेल तर कोळी बोलीत. एकाशी बोललो तर म्हणाला सोमवार ते शुक्रवार बँकेत असतो, फेस्टिवलसाठी रजा टाकलीय, आई आणि काकी स्टॉलवर, बाबा मागे मासे साफ करायला, आणि हा इथे शिट्ट्या मारतोय. पैसे मिळतात का विचारलं तर माझ्याकडे असं बघितलं की मी त्याच्या घरच्या लग्नात पाकीट मागितलंय. दहावी-बारावीतल्या मुली प्लेटा वेगळ्या, काटे-कवचं वेगळी अशा पिंपांजवळ उभ्या होत्या आणि चुकीच्या पिंपात टाकलं की सरळ हाक मारून परत बोलवत होत्या, एका सुटाबुटातल्या काकांना चिंबोरीची, म्हणजे खेकड्याची, नांगी उचलून दुसऱ्या पिंपात टाकायला लावली, मला जाम आवडलं.

हे त्यांच्या अंगात नवीन आलेलं नाही. वर्सोव्याचा किनारा पूर्वी कसा होता ते जुन्या लोकांना विचारा, प्लास्टिकच्या खाली वाळू शोधावी लागायची. ऑक्टोबर २०१५ मध्ये वकील अफरोज शाह यांनी तिथे सफाई सुरू केली, मग शनिवार-रविवार करत माणसं जोडली गेली, २०१६ ला त्यांना संयुक्त राष्ट्रांचा पर्यावरण पुरस्कार मिळाला आणि मार्च २०१८ मध्ये याच किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवाची पिल्लं दिसली. कचरा अजूनही येतो, भरती काय विचारून येत नाही.

बरं, खाणं. बोंबील फ्राय पहिला घ्या, पोट रिकामं असताना. पाणी दाबून काढलेला, वर जाड रव्याचं चिलखत नाही, मसाला आणि तांदळाच्या पिठाचा हलका हात, बाहेरून कुरकुरीत आणि आत लोण्यासारखा. मांदेली पण तशीच, एक प्लेट कमी पडते. तिसऱ्यांचं, म्हणजे शिंपल्यांचं, सुकं घेतलं तेव्हा दातात वाळू येते की काय ही धाकधूक होती, पण एकही कण नाही, म्हणजे कोणीतरी तासभर बसून धुतलंय. चिंबोरीचं कालवण घराघरागणिक वेगळं, कारण मसाला प्रत्येक घरचा, उन्हाळ्यात कुटून वर्षभर पुरवलेला, त्यामुळे एकाच स्टॉलवर चिकटून बसू नका. तांदळाची भाकरी मागितली तर मावशी म्हणाल्या, "थांब रं पोरा, तव्यावर हाय," आणि खरंच तव्यावरून थेट पानात आली, बोटं भाजली पण तक्रार नाही.

पापलेट महाग आहे आणि असणारच. २०२३ मध्ये चंदेरी पापलेटला राज्यमासा केलं सरकारने, म्हणजे आता आपण राज्यमासा तळून खातोय, असो. पण एक करा, तळहाताएवढं पिल्लू कोणी दाखवलं तर घेऊ नका, ती पिल्लं मोठी होऊ दिली नाहीत तर पुढे काय तळणार.

सगळंच झकास होतं असं नाही. एका स्टॉलवर शेजवान कोळंबी होती, लालभडक सॉस, कोळंबी रबरासारखी, गावात एवढं चांगलं शिजत असताना हे कशाला हे कळलं नाही, बहुतेक लहान मुलं मागतात म्हणून ठेवत असतील. आणि आपली पब्लिक! सोन्याने मढलेल्या, लुगडं नेसलेल्या आजीबाई भाकऱ्या थापतायत तर तोंडासमोर मोबाईल धरून रील, ना विचारणं ना काही घेणं. आजींनी पिठाचा हात वर करून सांगितलं, आधी खा मग फोटो. मी तर टाळ्याच वाजवल्या.

आमच्या टेबलावर एक जुने नाखवा, म्हणजे बोटीचे मालक, येऊन बसले, त्यांच्याशी वांद्रे-वर्सोवा सी लिंकचा विषय निघाला. खांब उभे राहिल्यावर होड्या कुठून काढायच्या, जाळी कुठे टाकायची ही काळजी. मग स्वतःच वरळीचं उदाहरण दिलं, तिथल्या कोळ्यांनी कोस्टल रोडच्या खांबांमधलं अंतर ६० मीटरचं १२० मीटर करून घेतलं, डिसेंबर २०२२ मध्ये सरकारला तसं जाहीर करावं लागलं. हे सांगताना आवाज असा की जणू वेसाव्यानेच जिंकलं. तेवढ्यात स्टेजवर कोळीगीत सुरू झालं आणि नाखवा प्लेट तशीच सोडून नाचायला गेले. कोळीगीतं गाणाऱ्या 'वेसावकर आणि मंडळीं'चं गाव आहे हे, इथे पाय थांबवून दाखवा.

मुलांना न्यायचं असेल तर संध्याकाळी लवकर जा, रात्री आठनंतर नुसता रेटा. सुटे पैसे ठेवा, गर्दीत नेट लटकतं आणि यूपीआयचं चक्र फिरत बसतं. निघताना सुके बोंबील आणि जवळा नक्की घ्या, पण पिशवी डबल करा, नाहीतर रिक्षावाला भाड्याबरोबर चार शब्दही देईल. मी पाचपैकी साडेचार देतोय, अर्धा त्या शेजवान कोळंबीचा कापला.