जेलवाला आइस पॅक: ठणक्याला झकास, बाकी पाकिटावरचं मनावर घेऊ नका

जिना उतरताना शेवटची पायरी चुकली आणि घोटा असा मुरगळला की डोळ्यांपुढे काजवे चमकले. तासाभरात पाय टम्म. फ्रीजरमध्ये हा पट्टेवाला जेल पॅक होता, तोच गुंडाळला.

ठणका खरंच बसतो, १५ मिनिटांत पाय बधीर. गारठूनही जेल मऊच राहतं त्यामुळे घोट्याच्या खाचेत नीट बसतं, बर्फाच्या खड्यांसारखं टोचत नाही आणि पाणीपण गळत नाही.

पण पाकिटावर काय तर म्हणे 'सूज मुळापासून घालवतो'. अहो सूज काय बाहेरून आलीये का? लिगामेंटचे, म्हणजे हाडं जोडून ठेवणाऱ्या पट्ट्यांचे तंतू फाटले की फुटलेल्या पेशींमधला माल बाहेर सांडतो, एकही जंतू आत शिरलेला नसला तरी तिथल्या मॅक्रोफेज आणि मास्ट या पहारेकरी पेशींना जागं व्हायला तेवढं पुरतं, मास्ट पेशी हिस्टामिन नावाचं रसायन सोडतात, बारीक रक्तवाहिन्या रुंदावतात, त्यांच्या भिंती पाझरायला लागतात आणि रक्तातलं पाणी, प्रथिनं बाहेर येतात, झाली सूज! रक्त जास्त आलं म्हणून लाल नि गरम. वर प्रोस्टाग्लँडिन आणि ब्रॅडिकायनिन ही तिथेच तयार होणारी रसायनं वेदनेच्या मज्जातंतूंना डिवचत बसतात, म्हणून तर साधी चादर घासली तरी बोंब. काही तासांत न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी रक्तातून येतात, मग दोन-तीन दिवसांत मॅक्रोफेजची संख्या वाढते, ते मोडतोड उचलतात आणि दुरुस्ती करणाऱ्या पेशींना कामाला लावतात. म्हणजे ही सूज दुरुस्तीचाच भाग आहे, ती मुळापासून घालवून कसं चालेल?

गंमत म्हणजे विश्रांती-बर्फ-दाब-पाय उंच हा 'राइस' (इंग्रजी शब्दांच्या आद्याक्षरांवरून) फॉर्म्युला १९७८ साली मांडणारे डॉक्टर गेब मर्किन यांनीच नंतर लिहिलं की बर्फाने बरं व्हायला उशीर लागू शकतो.

आता खरी तक्रार. सोबत कापडी कव्हर नाही. फ्रीजरमधला पॅक वितळत्या बर्फापेक्षा कितीतरी थंड असतो, मी पहिल्यांदा थेट कातडीवर लावला तर लालभडक चट्टा उठला, आणि माहितीपत्रकात याबद्दल एक ओळ नाही!! पातळ टॉवेल मधे घालाच, १५-२० मिनिटांच्या वर ठेवू नका. पाय टेकवून चार पावलंही टाकता येत नसतील तर पॅक राहू द्या, आधी एक्स-रे काढा.

पाचपैकी तीन स्टार. तिसऱ्या दिवसानंतर ठणका गेला, तेव्हापासून पॅक फ्रीजरमध्येच पडून आहे.