थर्मोकोलच्या साच्यातली काँक्रीटची भिंत की लाकडी सांगाडा?

अमेरिकेतल्या मुलाच्या घरी बाबा पहिल्यांदा आले की एक प्रसंग ठरलेला. हॉलच्या भिंतीवर बोटांनी टकटक करतात, पोकळ आवाज ऐकतात आणि म्हणतात, "अरे, हे तर खोकं आहे!" पुढे प्लॉट घेऊन स्वतःचं घर बांधायची वेळ येते, तेव्हा ती टकटक डोक्यात असतेच. मग कुणीतरी आयसीएफचं नाव काढतं.

आयसीएफ (इन्सुलेटेड काँक्रीट फॉर्म) म्हणजे शटरिंग न काढता तसंच ठेवलेली काँक्रीटची भिंत. साधारण अडीच इंच जाडीच्या थर्मोकोलच्या दोन पाट्या प्लास्टिकच्या पट्ट्यांनी जोडलेल्या, मध्ये पोकळी. असे ठोकळे लेगोसारखे रचायचे, पोकळीत सळया बांधायच्या आणि पंपाने काँक्रीट भरायचं. घरासाठी बहुधा 6 इंचांचं पुरतं. साचा तिथेच राहतो आणि तोच इन्सुलेशनचं काम करतो. कल्पना नवी नाही. फोमच्या साच्याचं श्रेय 1960 च्या दशकातल्या वर्नर ग्रेगोरी या कॅनडातल्या ठेकेदाराला देतात. याच्यासमोर आहे अमेरिकेतली नेहमीची पद्धत: दर 16 इंचांवर टू-बाय-सिक्सचं (नावाला दोन बाय सहा इंचांचं) उभं लाकूड, मध्ये फायबरग्लासचं इन्सुलेशन, बाहेरून ओएसबीच्या, म्हणजे लाकडाच्या चिपट्या दाबून केलेल्या, फळ्या.

विक्रेता सगळ्यात आधी वीजबिलाची गोष्ट सांगतो, म्हणून तीच आधी तपासू. आयसीएफच्या फोमचा आर-व्हॅल्यू, म्हणजे उष्णता अडवायची क्षमता (आकडा जितका मोठा तितकं चांगलं), 22 च्या आसपास भरतो. लाकडी भिंतीतल्या फायबरग्लासवर आर-21 छापलेलं असतं, पण लाकडातून उष्णता निसटत राहते, म्हणून अख्ख्या भिंतीचा हिशोब 16-17 वर येतो. इथवर आयसीएफ पुढे. पण "आमची भिंत आर-50 सारखी वागते" असं कुणी म्हणालं तर हसून सोडून द्या. काँक्रीट उष्णता साठवतं हे खरं, मात्र इथे ते दोन्ही बाजूंनी थर्मोकोलमध्ये गुंडाळलेलं आहे. खोलीच्या हवेशी त्याचा फारसा संबंधच येत नाही.

मेरीलँडमधल्या चेस्टरटाउनला 1990 च्या दशकाच्या शेवटी एकाच नकाशाची तीन घरं शेजारी-शेजारी बांधून मोजमाप झालं होतं, दोन आयसीएफची आणि एक लाकडी. गरम-गार करायच्या ऊर्जेत फरक निघाला सुमारे 20 टक्के. आता आकडेमोड करा. समजा घराचा खर्च 4 लाख डॉलर आणि आयसीएफमुळे तो 5 टक्क्यांनी वाढला, म्हणजे 20 हजार जास्त. गरम-गार करायचं वार्षिक बिल 2,400 धरलं तर वाचतात 480. पैसे वसूल व्हायला चाळीसेक वर्षं! तेवढ्यात नातवंडांची लग्नं होतील. शिवाय लाकडी भिंतीला बाहेरून दोन इंच सलग फोम लावला आणि फटी नीट बुजवल्या, तर हा 20 टक्क्यांचा फरकही बराच आटतो.

मग आयसीएफ घ्यायचंच कशासाठी? मजबुतीसाठी आणि शांततेसाठी. टोर्नेडोपासून बचावाच्या खोल्यांची चाचणी घेताना 15 पौंडांचं टू-बाय-फोर ताशी 100 मैलांच्या वेगाने भिंतीवर सोडतात. साध्या लाकडी भिंतीतून ते आरपार जातं, काँक्रीटवर आपटून थांबतं. 2005 च्या कॅटरिना वादळात मिसिसिपीतल्या पास ख्रिश्चनच्या किनाऱ्यावर आजूबाजूची घरं वाहून गेली, आणि बांधकाम चालू असलेलं एक आयसीएफ घर उभं राहिलं. ओक्लाहोमा किंवा उत्तर टेक्सासमध्ये राहणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको. फक्त एक लक्षात ठेवा: छप्पर लाकडीच असतं. ते भिंतीला पोलादी पट्ट्यांनी घट्ट बांधलं नसेल, तर भिंत राहील आणि छप्पर जाईल.

आवाजाचा फरक तर पहिल्याच दिवशी कळतो. बाहेर हायवे असो की शेजाऱ्याचं गवत कापायचं यंत्र, आत शांत. गणपतीत तुमची आरतीही शेजाऱ्यापर्यंत जात नाही. मात्र घरातल्या घरात काही बदलत नाही, कारण आतल्या भिंती पुन्हा लाकडाच्याच! बाबांची टकटक तिथे पूर्वीसारखीच वाजणार.

आता तोटे. भिंत साधारण 5 इंच जास्त जाड होते. बाहेरून 30 बाय 40 फुटांचं घर धरलं तर दर मजल्याला जवळपास 58 चौरस फूट भिंतीत जातात, म्हणजे एक ऐसपैस देवघर. नंतर खिडकी वाढवायची किंवा दार फोडायचं म्हटलं तर हिऱ्याच्या पात्याची करवत बोलवावी लागते. किचनची वरची कपाटं टांगायची जागा आधीच ठरवून तिथे प्लायवूड घालून घ्या.

आपल्या स्वयंपाकघराबद्दल वेगळं सांगायला हवं. असं घर हवाबंद असतं, म्हणजे मिरचीच्या फोडणीचा ठसका घरातच फिरतो. हवा बदलणारं ईआरव्ही किंवा एचआरव्ही यंत्र हवंच. चिमणी 400 सीएफएमपेक्षा (मिनिटाला 400 घनफूट हवा) मोठी घेतली तर बहुतेक ठिकाणी नियमानेच बाहेरची ताजी हवा आत आणायची सोय करावी लागते. एसी किती टनांचा हे ठेकेदाराच्या अंदाजावर सोडू नका, घराला किती गारवा लागेल याचा मॅन्युअल-जे या ठरलेल्या पद्धतीने हिशोब करून मागा. मोठा एसी घर पटकन गार करतो, पण दमटपणा तसाच ठेवतो.

अमेरिकेच्या दक्षिणेकडे वाळवी हा खरा मुद्दा. ती थर्मोकोल खात नाही, त्यातून भुयार काढून वरच्या लाकडापर्यंत पोचते, आणि ते बाहेरून दिसतही नाही. म्हणून वाळवीचा जोर फार असलेल्या पट्ट्यात जमिनीखाली उघडा फोम लावण्यावर बंधनं आहेत. उत्तरेत उलट चित्र. थंडीत जमीन गोठते, म्हणून मिनेसोटाच्या दक्षिण भागात पाया 42 इंच खाली न्यावा लागतो, उत्तर भागात 60 इंच. बेसमेंटचं काँक्रीट कसंही होणारच असतं, मग ते आयसीएफमध्येच ओतून घ्यावं. बेसमेंट कोरडं, उबदार, राहण्याजोगं मिळतं आणि जादा खर्चही तुलनेने कमी. वरचे मजले बाहेरून फोम लावलेल्या लाकडाचे. मिनियापोलिस किंवा टोरांटोत बांधायचं असेल तर मी हेच करेन.

पुण्या-नाशकात बांधणारे विचारतात, आपल्याकडे आणावं का? तिथे आधीच आरसीसी आहे आणि आठ महिने हीटर लावावा अशी थंडी नाही. गच्चीच्या स्लॅबवर इन्सुलेशन आणि पश्चिमेच्या भिंतीला सावली, एवढ्यात जास्त काम होईल.

आणि काँक्रीट ओतणारी टोळी बघून घ्या. काँक्रीट एका दमात वरपर्यंत भरत नाहीत. तीन-चार फुटांचे थर देत घराभोवती फेऱ्या मारतात. घाई झाली की ठोकळा फुटतो आणि काँक्रीट अंगणात. व्हायब्रेटर कमी फिरवला तर खिडकीखाली पोकळी राहते, जी फोममुळे कुणाला दिसत नाही. कोटेशन घेताना ठेकेदाराला विचारा की आतापर्यंत किती घरं ओतलीत, आणि मागच्या वेळी ठोकळा फुटला तेव्हा काय केलंत. "आमचा कधी फुटलाच नाही" असं उत्तर आलं, तर दुसरं कोटेशन मागवा.