सॅप पोर्टल: लॉगऑन तिकीट की यूझर मॅपिंग?

सॅप पोर्टलवरचा आयव्ह्यू (पानावर दिसणारी माहितीची छोटी चौकट) लिहायला घेतला की हा प्रश्न येतोच: पोर्टलवर लॉगिन झालेला माणूस मागच्या ईसीसीत (सॅपची मुख्य व्यवहारांची सिस्टिम, म्हणजेच बॅकएंड) कोण म्हणून शिरणार? त्याचा पासवर्ड यूएमईकडे (पोर्टलची यूझर सांभाळणारी यंत्रणा) मागून मिळत नाही, तिथे हॅश, म्हणजे मूळ पासवर्ड परत न देणारं रूप असतं. मग नेहमीच्या वाटा दोन: लॉगऑन तिकीट (पोर्टलने सही करून दिलेली ओळख) किंवा यूझर मॅपिंग (बॅकएंडचा आयडी-पासवर्ड पोर्टलमध्ये साठवणं). नेटवीव्हर ७.० वर (पोर्टल ज्यावर चालतं तो सॅपचा प्लॅटफॉर्म) मी दोन्ही चालवल्यात.

यूझर मॅपिंग सुरुवातीला फार सोयीची वाटते. पोर्टलचा आयडी एक, बॅकएंडचा दुसरा, तरी अडत नाही. यूझरने आपला बॅकएंडचा आयडी-पासवर्ड एकदा भरून ठेवला की काम झालं. बेसिसवाल्यांच्या (सॅपचे सर्व्हर सांभाळणाऱ्यांच्या) मागे लागावं लागत नाही. वर्षभर मीही सगळ्यांना हेच सुचवत होतो.

मग बॅकएंडच्या पासवर्डची मुदत संपली. लोकांनी सॅप गुईत (बॅकएंडमध्ये थेट शिरायचा डेस्कटॉपवरचा प्रोग्रॅम) नवा पासवर्ड घेतला, पोर्टलच्या मॅपिंगमध्ये जुनाच राहिला. आमच्या होमपेजवर सहा आयव्ह्यू होते आणि पाच चुकीच्या प्रयत्नांनंतर यूझर लॉक अशी सेटिंग होती. अकाउंट्समधल्या एका मॅडमनी सकाळी पोर्टल उघडलं. सहाही आयव्ह्यू जुना पासवर्ड घेऊन बॅकएंडला धडकले आणि पान पूर्ण उघडायच्या आत त्यांचा यूझर लॉक. आता सॅप गुईतही प्रवेश नाही. महिनाअखेर होती. ‘‘मी पासवर्ड टाकलाच नाही, मग चुकला कसा?’’ असं त्या विचारत होत्या आणि त्यांचं शंभर टक्के बरोबर होतं. बॅकएंडच्या एसयू०१ या यूझर सांभाळायच्या पडद्यात जाऊन लॉक काढला, त्यांनी पोर्टल रिफ्रेश केलं, पुन्हा लॉक. त्या आठवड्यात हे किती जणांचं झालं, ते मी मोजलं नाही. फोन मात्र थांबत नव्हता.

लॉगऑन तिकिटात मात्र पासवर्ड नसतोच. यूझर आयडी, तिकीट देणारी सिस्टिम, मुदत आणि डिजिटल सही, असं मायसॅपएसएसओ२ नावाच्या कुकीत (ब्राउझरने जपलेली छोटी नोंद) जातं. ही सही पडताळायला लागणारं पोर्टलचं सर्टिफिकेट एसट्रस्टएसएसओ२ या सॅपच्या पडद्यातून बॅकएंडला एकदा चढवलं आणि तिथल्या यादीत पोर्टलची नोंद केली, की बॅकएंडचा पासवर्ड कितीदा बदलला तरी फरक पडत नाही. मुदत डिफॉल्ट ८ तास, ऑफिसच्या दिवसाला पुरते.

त्रास इथेही आहे. दोन्हीकडे आयडी सारखा हवा. नसेल तर रेफरन्स सिस्टिम नेमून आयडीचं मॅपिंग करावं लागतं. सर्व्हर एकाच डोमेनमध्ये हवेत. पूर्ण होस्टनेमऐवजी आयपी टाकून पोर्टल उघडलं, तर कुकी बॅकएंडपर्यंत पोचत नाही आणि लॉगिनचा पडदा पुढे येतो. सर्टिफिकेट संपलं, तर सगळ्यांचंच एकदम बंद पडतं. पण तो दिवस आधी कळतो, एका जागी दुरुस्त होतो. मॅपिंगचं दुखणं माणसागणिक, ज्याच्या त्याच्या तारखेला उपटतं.

तुमच्याकडे बॅकएंडचे पासवर्ड बदलतच नसतील किंवा तिकीट न ओळखणारी जुनी बिगर-सॅप सिस्टिम जोडायची असेल, तर मॅपिंग वाईट नाही असं मी म्हणेन. मात्र तिथे उलगडलेला पासवर्ड तुमच्या जावा कोडच्या हातात येतो; तो चुकूनही लॉगमध्ये उतरू देऊ नका. माझ्याकडे आज मॅपिंग फक्त एका जुन्या बिलिंग डेटाबेससाठी उरलंय. त्याचा आयव्ह्यू मी होमपेजवरून काढून वेगळ्या टॅबवर ठेवलाय.