सत्तावीस खुणा, पाच रकाने: जागतिक बँकेची डेटाबँक वापरून झाल्यावर

एम. ए.च्या प्रकल्पासाठी गेले तीन महिने मी जवळजवळ रोज जागतिक बँकेची डेटाबँक, म्हणजे देशोदेशींच्या आकडेवारीची वेबसाइट, उघडून बसत होते. त्यातला एकच संच, 'वर्ल्ड डेव्हलपमेंट इंडिकेटर्स'. आता प्रकल्प जमा झालाय, व्हायवाही (तोंडी परीक्षा) झालाय, म्हणून निवांत लिहिते. पाचपैकी साडेचार तारे.

आधी चांगलं ते. सगळं फुकट, आणि खातं न उघडताही चालतं. २०१० च्या आधी यातल्या बहुतेक आकड्यांसाठी वर्गणी भरावी लागायची. २१७ देश आणि प्रदेश, दीड हजाराच्या आसपास निर्देशक (म्हणजे मोजलेल्या गोष्टी), त्यातले बरेच १९६० पासूनचे. देश, निर्देशक, वर्षं असे तीन कप्पे आहेत. हवं तिथे खूण करायची आणि एक्सेल फाईल उतरवून घ्यायची. दहा मिनिटांत तक्ता हातात.

त्या दहा मिनिटांनी माझे तीन आठवडे खाल्ले. माझा प्रश्न तसा साधा होता: मुलींचं शिक्षण वाढलं की पुढे त्यांची लहान मुलं कमी दगावतात का, आणि ते उत्पन्नाचा परिणाम बाजूला काढूनही दिसतं का? पण यादी समोर आली आणि हात आवरेना. साक्षरता, जिनी (विषमतेचं माप), डॉक्टरांची संख्या, वीज, इंटरनेट, संसदेत बायका किती, जंगल किती टक्के. सत्तावीस खुणा केल्या. जंगल का घेतलं ते विचारू नका, दिसलं म्हणून घेतलं. मग एक वर्ष धरलं, ज्या देशाचा एकही रकाना रिकामा तो देश गाळला. उरले अकरा देश.

"अगं, टिंबं मोजलीस का आधी?" मॅडमनी एवढंच विचारलं.

टिंबं म्हणजे, आकडा नसेल तिथे डेटाबँक दोन टिंबं घालते. फाईल तशीच सॉफ्टवेअरमध्ये ढकलली की त्या टिंबांपायी अख्खा रकाना मजकूर समजला जातो, हा एक ताप. पण मॅडमचा रोख दुसरीकडे होता. टिंबं उगाच कुठेही सांडलेली नसतात, त्यांना कारण असतं. प्रौढ साक्षरतेचा रकाना बघा: कितीतरी श्रीमंत देशांपुढे टिंबं आहेत, कारण तिथे हा प्रश्न जनगणनेत विचारतच नाहीत. जिनीचं उलट. तो घरोघरच्या पाहणीतून येतो, त्यामुळे जिथे युद्ध किंवा पैशाची चणचण तिथे वर्षानुवर्षं पाहणीच नाही. मी दोन्ही घेतले आणि श्रीमंत देशही गेले, गरीबही गेले. वर जिनी काही देशांत उत्पन्नावरून काढतात, काहींत खर्चावरून, म्हणजे शेजारशेजारच्या दोन ओळींची तुलनाही सरळ होत नाही. दोन्ही रकाने त्याच संध्याकाळी काढून टाकले.

आणखी एक गाढवपणा सांगून टाकते. देशांच्या यादीत 'अरब जगत', 'दक्षिण आशिया', 'कमी उत्पन्न गट' अशा बेरजेच्या ओळीही असतात. फक्त देश निवडायची सोय आहे, मी ती वापरलीच नाही. परिणामी माझ्या पहिल्या रिग्रेशनमध्ये (एका गोष्टीचा दुसरीशी संबंध आकड्यांत मोजायची पद्धत) बांगलादेश एकदा बांगलादेश म्हणून होता, एकदा दक्षिण आशियात आणि एकदा अख्ख्या जगात.

आता त्या गोष्टीबद्दल, जिच्यासाठी मी चार तारे एकटीला देईन. प्रत्येक निर्देशकाच्या नावापाशी एक छोटा 'आय' आहे. टिचकी मारली की व्याख्या, आकडा कुठून आला, कसा काढला, मर्यादा काय, सगळं उघडतं. दीड महिना मी त्याच्याकडे ढुंकूनही पाहिलं नव्हतं.

दरडोई जीडीपीचंच घ्या. तो एक निर्देशक नाही, निदान चार आहेत. कोडच्या शेवटी 'सीडी' असेल तर चालू किमती, 'केडी' असेल तर स्थिर किमती (म्हणजे एका ठरावीक वर्षाच्या), आणि आधी 'पीपी' आलं तर क्रयशक्तीनुसार (त्या देशात पैशात किती येतं यावरून) दुरुस्त केलेले 'आंतरराष्ट्रीय डॉलर'. मी चालू डॉलरचा घेतला होता, कारण यादीत तो आधी दिसला. त्यात महागाईही मिसळलेली आणि विनिमय दराची उडी-घसरणही. मला देशादेशांतल्या राहणीमानाची तुलना हवी होती, म्हणून क्रयशक्तीचा, स्थिर किमतींचा घेतला आणि त्याचा लॉग (लॉगॅरिदम) काढला. सीनियरने प्रेमाने दिलेल्या जुन्या फाईलमध्येही हाच निर्देशक होता, पण २०१७ च्या किमतींचा. माझ्या फाईलमध्ये २०२१ च्या. कोड सारखाच, आकडे वेगळे. फाईलच्या तळाशी 'शेवटचा बदल' अशी तारीख असते, ती प्रकल्पात लिहून ठेवा.

आणि माता मृत्यू दर! तो मला जोडीला घ्यायचा होता. 'आय' उघडला तर 'मॉडेलवरून अंदाज'. जिथे मृत्यूंची नोंदच धड होत नाही तिथे आकडा मॉडेलमधून येतो, आणि त्या मॉडेलमध्ये आत काय घालतात? दरडोई जीडीपी, जननदर आणि प्रशिक्षित व्यक्तीच्या हातून झालेल्या बाळंतपणांचं प्रमाण. म्हणजे मी जीडीपीवरून माता मृत्यू दर समजावून सांगायला निघाले असते आणि जीडीपीच जीडीपीला भेटला असता. माझ्या मैत्रिणीचं तर याहून सरळ झालं होतं. मानव विकास निर्देशांक उत्पन्नावर कसा अवलंबून आहे, हा तिचा विषय. त्या निर्देशांकाच्या पोटातच दरडोई उत्पन्न आहे, त्याचाही लॉगच, आणि शाळेची वर्षं आणि आयुर्मानही. संबंध दणदणीत निघाला, निघणारच.

जननदराचा रकाना मात्र मी जरा हट्टाने गाळला. शिकलेल्या मुलींना मुलं कमी आणि उशिरा होतात, आणि बाळं जगण्याचं तेही एक कारण असतं. तो रकाना ठेवला तर शिक्षणाच्या परिणामाचा एक रस्ता मीच बुजवते. मॅडमना हे पटवायला एक अख्खी दुपार गेली.

सगळ्यात उशिरा सुचलं ते सगळ्यात सोपं होतं. आज शाळेत असलेल्या मुली आजच्या आया नव्हेत. २०१९ चा बालमृत्यू दर आणि २०१९ चा मुलींचा पट शेजारी मांडून काय कळणार? म्हणून माध्यमिक शाळेतल्या मुलींचा एकूण पट पंधरा वर्षं मागचा घेतला, २००३ ते २००५ ची सरासरी, म्हणजे एखाद्या वर्षाच्या टिंबापायी देश जाणार नाही. (हा पट १०० टक्क्यांच्या वर जातो तेव्हा दचकू नका. नापास झालेली, उशिरा दाखल झालेली मुलंही अंशात मोजतात, छेदात फक्त त्या वयाची.)

शेवटी उरले पाच: पाच वर्षांखालील बालमृत्यू दर, मुलींचा तो जुना पट, दरडोई जीडीपी, पिण्याच्या पाण्याची प्राथमिक सोय असलेली लोकसंख्या, आणि आरोग्यावरचा सरकारी खर्च, जीडीपीच्या टक्क्यांत. अर्भकमृत्यू दर (एक वर्षाखालचा) वेगळा घेतला नाही. बऱ्याच देशांत तो पाच वर्षांखालच्या दरावरूनच काढतात. देश शंभराच्या वर टिकले.

अशाच दुसऱ्या वेबसाइटांशी तुलना विचाराल तर, 'अवर वर्ल्ड इन डेटा'चे आलेख देखणे आहेत आणि प्रश्न सुचायला उत्तम. पण रकाने मात्र मूळ संचातूनच घ्या. 'गॅपमाइंडर' पहिल्या सादरीकरणासाठी, लोकांना जागं ठेवायला.

अर्धा तारा कापला तो नावांसाठी. स्त्रियांच्या श्रमसहभागाच्या दोन ओळी एकाखाली एक आहेत, फरक फक्त कंसात: एक आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा मॉडेल अंदाज, दुसरी देशाने स्वतः दिलेली. घाईत असलेला माणूस वरची उचलतो. मी उचलली होती.

व्हायवाला परीक्षकांनी विचारलं, पाण्याचा रकाना २००० च्या मागे का नेला नाही? ती मालिका तिथूनच सुरू होते, 'आय'मध्ये वाचलं होतं, धडधडीत सांगितलं. मग त्यांनी एक्सेल फाईल उघडायला लावली आणि विचारलं, "हा लपवलेला रकाना कसला?"

जंगलाचा.