क्लॉड बस्टरचं स्टिअरिंग: जुना सर्व्हो वाचवायचा, नवा बसवायचा, की ॲक्सलवर चढवायचा?

माझा मामा बोटीवर नोकरीला होता. त्याने जपानहून आणलेला रिमोटचा ट्रक नाशिकच्या पंचवटीतल्या घराच्या माळ्यावर गोणपाटात गुंडाळून पंचवीसेक वर्षं पडला होता. तामिया या जपानी कंपनीचा क्लॉड बस्टर, १९८७ मध्ये बाजारात आलेलं मॉडेल. साडेसहा इंचांची चाकं, दोन्ही ॲक्सलवर (चाकांच्या आसांवर) एकेक ५४० मापाची मोटर, आणि वळताना पुढची-मागची चारही चाकं वळणार. खाली काढला, बॅटरी लावली, मोटरी पहिल्या झटक्यात फिरल्या. वळायला मात्र तयार नाही. डावीकडे थोडा, उजवीकडे त्याहून थोडा, आणि सरळ सोडला की पिऊन आल्यासारखा.

त्यानंतरच्या चार वर्षांत याच एका गाडीवर तिन्ही उपाय करून झाले. आता सिडकोतल्या एका मित्राला असाच ट्रक मिळालाय आणि तो म्हणतो, "लेक्चर नको, काय करू ते सांग." त्याला जे सांगितलं तेच इथे, थोडं लेक्चर घालून.

आधी दुखणं कुठे आहे ते

सर्व्होवर, म्हणजे रिमोटच्या इशाऱ्यावर चाकं वळवणाऱ्या छोट्या मोटरच्या डबीवर, खापर फोडायची घाई सगळ्यांनाच असते, मलाही होती. ट्रक एखाद्या डब्यावर असा ठेवा की चाकं अधांतरी राहतील. सर्व्होच्या हॉर्नवरून (शाफ्टवरच्या फिरत्या दांडीवरून) चाकांकडे जाणारा रॉड काढा, रिमोट चालू करा, स्टिअरिंग पूर्ण डावीकडे नेऊन सोडा, मग उजवीकडे नेऊन सोडा. दोन्ही वेळा हॉर्न त्याच जागी परत आला आणि थरथरला नाही, तर सर्व्हो बरा आहे. आता रॉड पुन्हा जोडा, रिमोट चालूच ठेवा आणि चाक बोटांनी हलवून बघा. हॉर्न जागचा न हलता चाक जेवढं हलेल, तेवढा प्ले, म्हणजे ढिलेपणा, सांध्यांमध्ये आणि सर्व्हो-सेव्हरमध्ये (चाकाला बसलेला दणका गिळून सर्व्होला वाचवणाऱ्या स्प्रिंगच्या भागात) आहे.

माझ्या गाडीत चाकाच्या कडेला जवळजवळ सेंटिमीटरभर प्ले निघाला. सेव्हरच्या प्लास्टिकला बारीक तडा, बॉल जॉइंटच्या वाट्या सैल, किंगपिनची (ज्या खिळ्याभोवती चाक वळतं त्याची) भोकं अंडाकृती झालेली. सर्व्होचा वाटा शेवटचा होता, आणि मी पैसे घातले होते आधी त्याच्यावर.

या ट्रकची आणखी एक जन्मजात खोड आहे. सर्व्हो एकच, तो मधे चासीवर, आणि तिथून लांब रॉड पुढच्या-मागच्या ॲक्सलला जातात. ॲक्सल वर-खाली झाला तरी रॉडची लांबी तेवढीच राहते, त्यामुळे खड्ड्यातून जाताना चाकं आपसूक वळतात. चासीवर कितीही महागडा सर्व्हो ठेवा, हे जात नाही. निवड करताना हीच गोष्ट सर्वांत जास्त मोजायची.

जुना सर्व्हो दुरुस्त करणं

हा सर्वांत स्वस्त रस्ता, आणि माझ्या मते सर्वांत मजेचा. रिसीव्हर, म्हणजे ट्रकमधला रिमोटचा इशारा पकडणारा भाग, दर २० मिलिसेकंदांच्या आसपास एक पल्स पाठवतो, दीड मिलिसेकंदाचा असेल तर 'मधे राहा' असा त्याचा अर्थ. शाफ्ट आत्ता कुठे आहे ते सर्व्होला आतला पोटेन्शिओमीटर (फिरवला की रोध बदलणारा भाग) सांगतो. गाडी बहुतेक वेळ सरळ जात असल्यामुळे त्याची पट्टी मध्यावरच सर्वांत जास्त झिजते. म्हणून जुना सर्व्हो टोकांना ठीक वागतो आणि नेमका मध्यावर थरथरतो.

खालचे चार लांब स्क्रू काढले की सर्व्हो उघडतो. गिअर उचलण्याआधी मोबाइलवर फोटो काढा. कुठला दात कुठे होता ते आठवेल या भरवशावर राहू नका. पोटेन्शिओमीटरमध्ये कॉन्टॅक्ट क्लीनर मारून तो पंचवीस-तीस वेळा फिरवा, वाळू द्या. निम्म्याहून जास्त वेळा एवढ्यावर भागतं. पट्टीच घासून गेली असेल तर नवा पोटेन्शिओमीटर लागतो. त्याचा रोध जुळवणं सोपं, शाफ्टचा आकार जुळवणं कठीण. जुन्या पट्टीची दोन टोकं मीटरने मोजून घ्या आणि जुना नग खिशात घालूनच दुकानात जा. नायलॉन गिअरचा दात तुटला असेल तर त्याच मॉडेलचा बंद पडलेला सर्व्हो शोधून गिअर काढून घेणं हाच खरा उपाय.

ग्रीस अगदी थोडं, प्लास्टिकला चालणारं. माझ्या ओळखीच्या एका काकांनी खोबरेल तेल घातलं होतं. दिवाळीपर्यंत छान चाललं. मग निफाडची थंडी नाशिकपर्यंत आली, तेल थिजलं आणि ट्रकही.

यातून ताकद वाढत नाही. त्या काळचे साधे सर्व्हो ४.८ व्होल्टवर तीन-साडेतीन किलो-सेंटिमीटर (वळवण्याच्या जोराचं माप) देतात. चार मोठी चाकं जागच्या जागी डांबरावर वळवायला ते अपुरे पडतात. गाडी चालत असताना वळवली तर भागतं. ट्रक शोकेसमध्ये राहणार असेल, किंवा मूळ रेडिओसकट जपायचा असेल, तर यापुढे जायची गरज नाही.

त्याच जागी नवा, ताकदवान सर्व्हो

बहुतेक जण हेच करतात. लांबी-रुंदी तीस वर्षांपूर्वी होती तीच आहे, साधारण ४० गुणिले २० मिलिमीटर, त्यामुळे जुन्या खोबणीत नवा बसतो. एमजी९९६आर हा धातूच्या गिअरचा सर्व्हो चारशे-पाचशे रुपयांत मिळतो आणि कागदावर ६ व्होल्टला ११ किलो-सेंटिमीटर सांगतो. मात्र या नावाने नकला भरपूर विकल्या जातात आणि त्यातल्या कित्येक मध्यावर नीट परत येत नाहीत. आकड्याला भुलू नका. ट्रकला ताकदीइतकीच मध्यावर परत येण्याची शिस्त लागते, आणि ती डब्यावर छापलेली नसते. दुकानातच सर्व्हो टेस्टरवर फिरवून बघू देतात का, ते विचारा.

अडचणी तीन. पहिली दातांची: शाफ्टला फुताबाकडे २५ दाते, सान्वा आणि जेआरकडे २३, हायटेककडे २४. चुकीचा हॉर्न दाबून बसवला की तो बसल्यासारखा वाटतो आणि तिसऱ्या वळणाला घसरतो. दुसरी वायरची: जुन्या सान्वाच्या प्लगमध्ये तारांचा क्रम आजच्यापेक्षा वेगळा आहे. रंगावर न जाता मीटर लावून प्लस-मायनस बघा, मगच जोडा. तिसरी करंटची: असा सर्व्हो अडला की अडीच अँपिअरपर्यंत ओढतो. जुन्या रिसीव्हरमधला बीईसी (सर्व्होला वीज पुरवणारा भाग) तेवढं देऊ शकत नाही, व्होल्टेज खाली बसतं आणि पूर्ण वळण घेताना रेडिओच क्षणभर मान टाकतो. यूबीईसी, म्हणजे वेगळा ५ व्होल्टचा वीजपुरवठा, लावला की हा प्रकार थांबतो.

एवढं करूनही माझं स्टिअरिंग सैलच राहिलं. नवा सर्व्हो हॉर्न जोरात फिरवायचा, आणि मधला तडा गेलेला सेव्हर तो सगळा जोर गिळून टाकायचा. सेव्हर काढून थेट हॉर्न लावायचा मोह होतो, मीही लावला. पंधरा दिवसांत चाक दगडाला आपटलं आणि त्याचा दणका थेट सर्व्होच्या गिअरवर गेला. सेव्हर हवाच, फक्त कडक स्प्रिंगचा. तामियाचा हाय-टॉर्क सेव्हर चांगला आहे, परदेशातून येतो आणि भाव टोचतो. सेव्हर बदलला, बॉल जॉइंट नवे घातले, किंगपिनला अंबडच्या एका लेथवाल्याकडून पितळी बुश करून घेतले, तेव्हा पहिल्यांदा ट्रक सरळ गेला. हीच कामं आधी केली असती तर कदाचित जुना सर्व्होही पुरला असता.

प्रत्येक ॲक्सलवर स्वतंत्र सर्व्हो

दगडधोंड्यांवर चालवणाऱ्यांचा हा आवडता उपाय. सर्व्हो ॲक्सलवरच बसल्यामुळे रॉड त्याच्याबरोबर वर-खाली होतो आणि ती जन्मजात खोड मुळापासून जाते. पांडवलेणीच्या पायथ्याच्या खडकाळ उतारावर मी दोन्ही प्रकारे ट्रक चालवून पाहिला, फरक डोळ्यांना दिसतो.

किंमतही तशीच. दोन सर्व्हो, दोन सेव्हर, दोन ब्रॅकेट, मोठा यूबीईसी. वर एक गंमत: या ट्रकचे दोन्ही ॲक्सल सारखेच आहेत, मागचा फक्त उलटा फिरवून लावलेला. दोन सर्व्हो सारखेच बसवून वाय-वायरने (एकाची दोन होणाऱ्या तारेने) एका चॅनलला जोडले तर चारही चाकं एकाच दिशेला वळतात आणि ट्रक खेकड्यासारखा तिरका सरकतो. माझी भाची तेवढ्यावरच खूश होती. मला वळायचं होतं. मागचा रॉड हॉर्नच्या विरुद्ध टोकाला लावा, किंवा मागच्या सर्व्होला वेगळं चॅनल देणारा आणि मिक्सिंग (एका स्टिअरिंगवर दोन चॅनल चालवणं) असलेला २.४ गिगाहर्ट्झचा रेडिओ घ्या. रेडिओ घेतलात तर जुन्या रेडिओची लहर ठरवणाऱ्या २७ मेगाहर्ट्झच्या क्रिस्टलच्या जोड्या शोधणंही संपतं, पण खर्च हजारांत जातो आणि मामाचा मूळ रिमोट कपाटात जातो.

ब्रॅकेट थ्रीडी प्रिंट करून घेणार असाल तर पीएलए हे नेहमीचं प्लास्टिक नको. ते ६० अंशांच्या आसपास मऊ पडतं, आणि एप्रिलमधल्या दुपारी बंद गाडीच्या डिकीत माझं पहिलं ब्रॅकेट केळीच्या सालीसारखं वाकलं. पीईटीजी किंवा नायलॉन सांगा. ॲक्सलच्या मूळ प्लास्टिकला नवी भोकं पाडू नका, आधीच्याच स्क्रूंवर बसणारं डिझाइन निवडा, म्हणजे परतीची वाट राहते.

तुमचा ट्रक हॉबीचा नसून खेळण्यातला असेल आणि स्टिअरिंगच्या डबीतून पाच तारा निघत असतील, तर वरचं बरंचसं लागू नाही. दोन तारा मोटरच्या, तीन पोटेन्शिओमीटरच्या, आणि डोकं मुख्य बोर्डावर. तिथे नवा सर्व्हो जोडता येत नाही. पोटेन्शिओमीटर साफ करा, नाहीतर सगळाच रेडिओ बदला.

मित्राला मी दुसरा पर्याय सांगितला, पण उलट्या क्रमाने. तो ट्रक बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये आणि कधीमधी गोल्फ क्लब मैदानाच्या कडेला चालवणार, खडकांवर नाही. म्हणून आधी सांधे, मग सेव्हर, मग वरची ती डब्यावरची परीक्षा पुन्हा, आणि तरीही हॉर्न मध्यावर येत नसेल तरच सर्व्हो. मिलिमीटरचे स्क्रू त्याला रविवार कारंजावर मिळाले, क्लीनरचा डबा एम. जी. रोडवर. पोटेन्शिओमीटर मात्र नाशिकमध्ये जुळला नाही. शनिवारी सकाळच्या पंचवटी एक्स्प्रेसने तो दादरला उतरणार, तिथून ग्रँट रोड, आणि इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांच्या लॅमिंग्टन रोडवर जुना नग दाखवत दुकानं फिरणार आहे. मीही जातोय, मला वडापावचं निमित्त हवंच होतं.