ग्रँड दोफाँचं तैलचित्र: आधी निळा पट्टा बघा, मग चेहरा

फ्रान्सचा राजा चौदाव्या लुईचा थोरला मुलगा आणि गादीचा वारस (‘दोफाँ’), ग्रँड दोफाँ लुई (1661–1711). फ्रान्समध्ये लिलावाला आलेलं हे व्यक्तिचित्र त्याचं. कॅनव्हासवर तैलरंग, 81 × 65 सेंमी. अंगात चिलखत, त्यावरून निळा पट्टा, मागे लढाईतला धुरकट वेढा. सूचीत नोंद आहे ‘आतलिए द रिगो’, म्हणजे चित्रकार इयासांत रिगोच्या कार्यशाळेतलं काम. चित्र देखणं आहे, पण ही नोंद त्याला पेलत नाही.

फ्रान्समध्ये हे शब्द मोघम नाहीत. 1981 च्या सरकारी आदेशाने त्यांचे अर्थ ठरवून दिलेत. ‘आतलिए’ म्हटलं की चित्र त्या चित्रकाराच्या कार्यशाळेत किंवा त्याच्या देखरेखीखाली झालं, ही हमी येते. ‘दाप्रे’, म्हणजे ‘त्याच्या चित्रावरून’, म्हटलं की हमी चित्रकाराची नाही, काळाचीही नाही. किंमत हलते ती इथे.

पट्टा सेंत-एस्प्री या राजसन्मानाचा आहे, 1578 मध्ये फ्रान्सचा राजा तिसरा हेन्री याने सुरू केलेल्या. तो उजव्या खांद्यावरून डाव्या कमरेकडे उतरतो. छापचित्रं बरेचदा मूळ चित्राच्या उलटी उमटतात, त्यामुळे त्यांवरून केलेल्या नकलेत पट्टा चुकीच्या खांद्यावर जातो. इथे दिशा बरोबर आहे.

अडचण रंगाची. सोबतच्या तपासणी अहवालात पट्ट्यात प्रशियन निळा सापडलाय. हा रंग बर्लिनमध्ये अठराव्या शतकाच्या पहिल्या दशकात तयार झाला. रिगोने दोफाँचं मूळ चित्र केलं 1697 मध्ये. निळा रंग नंतर चढवला असता, तर तो जुन्या भेगांत उतरून बसलेला दिसला असता. भिंगाखाली उलटं दिसतं: भेगा निळ्या थरालाही चिरत गेल्यात. म्हणजे पट्टा मूळचाच, आणि चित्रच नंतरचं.

रिगो 1743 पर्यंत जगला, त्यामुळे कार्यशाळेची शक्यता एवढ्याने संपत नाही. पण त्याच्या हिशेबाच्या वह्या शिल्लक आहेत, त्यांत नकला आणि त्या करणारे साहाय्यकही नोंदलेले आहेत. विक्रेत्याने त्यातली एकही नोंद दाखवलेली नाही. शिवाय चिलखतावरची चकाकी सगळीकडे सारख्याच जाडीच्या रेघांनी ओढलीय. पोलाद वळतं तिथे प्रकाश वळत नाही. चेहरा मात्र मन लावून केलाय, विशेषतः खालच्या पापणीची ओलसर कड.

अतिनील दिव्याखाली जुनं वॉर्निश हिरवट चमकतं, आणि कपाळावर व छातीच्या उभ्या फाटीवर नंतरचे रंग काळे डाग होऊन दिसतात. हे डाग म्हणजे वॉर्निशच्या वरची दुरुस्ती. त्याच्या खाली दडलेली जुनी दुरुस्ती या दिव्यात सुटू शकते. मागून दुसरं कापड पिठाच्या खळीने चिकटवलंय. तेव्हाच्या गरम इस्त्रीने गळ्याच्या लेसवरचे रंगाचे उंचवटे चपटे झालेत, ते परत येणार नाहीत. शिवाय ही खळ ओलावा धरते आणि किडीला बोलावते. आर्द्रता 50 टक्क्यांच्या आसपास स्थिर ठेवावी, आणि बाहेरच्या भिंतीवर टांगू नये.

चौकट कोरीव लाकडाची नाही, साच्यातल्या लगद्याची आहे. नक्षीला आडव्या जाणाऱ्या बारीक तडा पाहिल्या की ते कळतं. तिचे वेगळे पैसे मोजू नयेत.

‘दाप्रे’ अशी दुरुस्त नोंद लेखी मिळाली आणि सफाईचा खर्च किमतीतून वजा झाला, तर त्या चेहऱ्यासाठी चित्र जरूर घ्यावं. ‘आतलिए’च्या भावाने नको.