टीजीएफ-बीटा वनचं एलायझा किट: किट झकास, माहितीपत्रक लंगडं

मायोसायटिसमध्ये, म्हणजे स्नायूंना सूज येण्याच्या आजारात, स्नायू का घट्ट होत जातो यावर काम करायचं तर टीजीएफ-बीटा (पेशींना कोलॅजन बनवायला लावणारं निरोप्या प्रोटीन) मोजल्यावाचून सुटका नाही, म्हणून हे 96 वेलचं, म्हणजे 96 छोट्या खळग्यांच्या प्लेटचं, एलायझा किट घेतलं; यात अँटिबॉडी प्रोटीन पकडते आणि रंगावरून ते किती आहे ते मोजतात. कंपनीचं नाव मुद्दाम टाकत नाहीये.

आधी चांगलं सांगते. स्टँडर्ड कर्व्ह (माहीत असलेल्या प्रमाणांचा आलेख, ज्यावरून सॅम्पलचा आकडा काढतात) दोन्ही वेळा सरळ आला, डुप्लिकेट वेल एकमेकांना धरून, निळा रंग सावकाश चढतो आणि स्टॉप सोल्युशन टाकलं की पिवळाधमक, 450 नॅनोमीटरच्या प्रकाशाला रीडिंग एकदम स्वच्छ.

आता रडगाणं. टीजीएफ-बीटा हे सायटोकाइन (पेशींमधलं निरोप्या प्रोटीन) पेशीतून बाहेर पडतं तेच मुळी दुसऱ्या एका प्रोटीनच्या कवचात अडकलेलं, आणि किटमधल्या अँटिबॉडीला ते तसं दिसतच नाही. आधी ॲसिड घालून सुटं करायचं, मग अल्कलीने न्यूट्रल करायचं, आणि एवढी महत्त्वाची गोष्ट माहितीपत्रकात शेवटच्या पानावर बारीक अक्षरात! पहिल्या प्लेटला माझी ती राहिली, पेशंटची सगळी सॅम्पलं जवळपास ब्लँकइतकी (सॅम्पल न घातलेल्या वेलइतकी), अर्धा दिवस पिपेटला आणि वॉशरला शिव्या घालण्यात गेला. ॲसिड घालून परत लावली तर तीच सॅम्पलं बोलायला लागली. न्यूट्रल झालंय का ते पीएच पट्टीवर थेंब टाकून बघा, हे पण त्यांनी लिहिलेलं नाही.

आणि सिरम नकोच. रक्त गोठताना प्लेटलेट्स स्वतःकडचं टीजीएफ-बीटा ओततात, आकडा फुगतो आणि आपण खूश की बघा फायब्रोसिस, म्हणजे कोलॅजन साचून स्नायू घट्ट झालाय. प्लाझ्मा घ्या, तोही प्लेटलेट्स नीट खाली बसवून. सेल कल्चरवाल्यांनी नुसत्या मीडियमची एक वेल ठेवा, कारण गाईचं आणि माणसाचं तयार टीजीएफ-बीटा वन सारखंच असतं, मीडियममध्ये घातलेल्या वासराच्या सिरममधलंही किट मोजून मोकळं होतं.

अजून एक, थोडं सॅम्पल ॲसिडच्या आधीच टीएनएफसाठी (दाह वाढवणारं दुसरं सायटोकाइन) बाजूला काढा. उंदरांच्या जखमी स्नायूत दिसलंय की सुरुवातीला मॅक्रोफेजचं (मेलेल्या पेशी गिळणाऱ्या रोगप्रतिकारक पेशींचं) टीएनएफ कोलॅजन बनवू शकणाऱ्या पेशी मारून त्यांची गर्दी कमी करतं, आणि टीजीएफ-बीटा वाढलं की त्याच पेशी तगतात आणि कोलॅजन विणत बसतात. एकटा आकडा बघून काय कळणार? शिवाय हा रक्तातला आकडा, स्नायूत प्रत्यक्ष किती कोलॅजन साचलंय ते बायोप्सीच्या ट्रायक्रोम स्लाइडवरच (कोलॅजन वेगळ्या रंगात दाखवणाऱ्या) बघावं लागतं.

पाचपैकी चार स्टार. पुढचं किट हेच मागवलंय, ॲसिडची स्टेप मोठ्या अक्षरात लिहून फ्रीजवर चिकटवलीय.